नानांना उरलेले दोन शब्द

देवघरातले निर्माल्य रोज उचलावे लागते. ऐकलेल्या गोष्टी कोणी उचलीत नाही. म्हणून त्या साचत जातात. माझ्यापाशी साचलेल्या गोष्टींपैकी निम्म्याहून अधिक परळच्या आमच्या चाळीतल्या, दत्ताच्या देवळाच्या ओट्यावरच्या आहेत. मी गिरगावातल्या एका शाळेत मराठी शिकवीत असे आणि नेमाने भाषाशास्त्र वाचीत असे. पुस्तकांत नियम असत. उदाहरणे संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत.

बसणारे आम्ही चौघे. नाना सावंत गिरणीत विणकर. मूळ मालवणकडचे, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमच्या भागाचा आवाज. अप्पा धैर्यवान जुन्या मुंबईकर घराण्यातले, फोर्टमधल्या एका कचेरीत हेडक्लार्क. जमनाभाई चाळीखालचे वाणी, गुजराती. चौथा मी, मला सगळे मास्तर म्हणत.

ओट्यासमोरच नानांची खोली. तिच्या दारात नानांची पत्नी तांदूळ निवडीत बसे आणि आमचे सर्व बोलणे ऐके. त्यांना सगळी चाळ वहिनी म्हणे. त्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. नाना त्यांना "अगो" म्हणत, त्या नानांना "अवो" म्हणत. नाव घ्यायचे ते उखाण्यात, अशी त्या काळची रीत. लग्नात उंबऱ्यावर अडवले तेव्हा आपण स्वतः जुळवलेला उखाणा म्हटला होता, अशी नानांची फुशारकी असे. "म्हणून दाखवा" म्हटले की ते मान हलवीत. "ता घरातला. ओट्यारचा नाय!"

चळवळीच्या शेवटच्या काळात हा आमच्यातला सर्वांत मोठा आवाज बंद पडला. तो पुन्हा उघडेल की नाही, एवढाच प्रश्न मग आमच्यापुढे उरला. म्हणून हे किस्से घडले त्या क्रमाने सांगतो.

* * *

नाना गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, मालवणी बोलत, घरी मालवणी बोलत. पण व्यासपीठावर चढले की त्यांच्या तोंडून ग्रंथातली मराठी निघे. हे ढोंग नव्हते. समोर कोण आहे हे मन आधी पाहते आणि जीभ मागून ठरते, असा माझा अनुभव आहे.

परळच्या मैदानावर एकदा सभा होती. नाना लाउडस्पीकरसमोर उभे राहिले. "बंधू आणि भगिनींनो, या लढ्याच्या यज्ञकुंडात आपण सर्वांनी..." इथपर्यंत ते आले आणि त्यांची दृष्टी पुढच्या रांगेत गेली. तिथे वहिनी बसल्या होत्या. नाना थांबले. पुढचे वाक्य आले ते असे:

"...तू हयसर कित्याक इलंस गो? घराक कुलूप घातलंस मां?"

बायको इथे का आली आणि घराला कुलूप घातले ना, ही चौकशी लाउडस्पीकरने मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचवली! हसण्याचा असा लोट आला की व्यासपीठावरचे पुढारीही त्यात सापडले. वहिनी जागेवरूनच ओरडल्या, "घातलंय! तुम्ही बोला!"

नानांना यज्ञकुंड काही पुन्हा सापडेना. राहिलेले भाषण त्यांनी मालवणीतच केले. मैदान निम्मे कोकणातले; लोकांनी त्यांना खाली उतरू दिले नाही.

पुढच्या सभेच्या आधी कार्यकर्ते नानांकडे न जाता वहिनींकडे आले. "वहिनी, तुम्ही काही करू नका. फक्त पुढे बसा!"

* * *

घोषणांचे ते दिवस. "संयुक्त महाराष्ट्र" असे एकाने म्हणायचे आणि "झालाच पाहिजे" असे हजारांनी. पुष्कळदा म्हटलेले वाक्य पुढे वाक्य राहत नाही, दोर होतो. एक टोक ओढले की दुसरे आपोआप हाती येते.

पहिल्या मजल्यावरच्या परबांच्या मुलीचे लग्न चाळीतच होते. ऐन वेळी नळाचे पाणी गेले आणि पंगत खोळंबली. पाहुणे भुकेले, वरपक्ष कपाळाला आठ्या घालून बसलेला. परब घाबरे होऊन गॅलरीच्या कठड्याशी आले आणि सगळ्यांना ऐकू जावे म्हणून हात उंच करून म्हणाले,

"मंडळी, रागावू नका! पंगत झालीच..."

"पाहिजे!"

तिन्ही मजले एका आवाजात! वऱ्हाडी, वाढपी, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. भटजीसुद्धा!

परब रडकुंडीला आले. "अहो, 'झालीच समजा' म्हणत होतो मी!"

नाना खालून म्हणाले, "परबांनू, समजा-बिमजा आता नाय! मागणी मान्य करा!"

हसू ओसरल्यावर माझ्या मनात एकच विचार राहिला. तोंडात जे वारंवार येते ते मनात मुरते. तेव्हा काय वारंवार म्हणावे याचा विवेक माणसाने ठेवावा. नाम घ्या असे संत सांगतात ते याचसाठी.

* * *

देवळाच्या भिंतीवर गणपतीची आरती मोठ्या अक्षरांत लिहून लावावी, असे पंचांनी ठरवले. चाळीत अक्षर अप्पांचे. अप्पा म्हणाले, "त्यात काय? लहानपणापासून पाठ आहे. उद्या लंच टाइममध्ये लिहून आणतो."

दुसऱ्या दिवशी कचेरीत कागद पुढे घेऊन ते बसले. दोन ओळी उतरल्या आणि लेखणी थांबली. पुढचे आठवेना. अप्पांनी इकडेतिकडे पाहिले आणि हलक्या आवाजात चालीवर म्हटले. आले! ते लिहून घेतले. पुढच्या कडव्याला पुन्हा अडले. मधूनच उचलावे तर तेही जमेना. पहिल्यापासून म्हणावे लागे. टाळी वाजवल्याशिवाय चाल धरेना, म्हणून टाळीही वाजवू लागले.

शेजारच्या टेबलावरचे दोघे टाळीत सामील झाले. मग टायपिस्ट. मग शिपायाने टेबलावरची बेल घंटेसारखी वाजवायला सुरुवात केली! तिसऱ्या कडव्याला अख्खे सेक्शन उभे होते.

केबिनचे दार उघडून साहेब बाहेर आले. साहेब दक्षिणेकडचे आणि कडक शिस्तीचे. टाळ्या जागच्या जागी थिजल्या. अप्पा हात जोडलेल्या अवस्थेत तसेच राहिले.

साहेबांनी सर्वांकडे एकवार पाहिले. मग खाली वाकून बूट काढले, केबिनच्या दाराशी नीट जोडून ठेवले आणि म्हणाले, "कंटिन्यू, मिस्टर धैर्यवान."

अप्पा म्हणाले, "सर, आता पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागेल!"

* * *

मधले काही आठवडे वाईट गेले. शहरात दगड पडत होते, आणि शेजारी शेजाऱ्याला भाषेवरून मोजू लागला होता. जमनाभाईंच्या भावाने राजकोटहून निरोप पाठवला की दुकान मोडून निघून ये. जमनाभाईंनी दुकानाच्या फळ्या लावून टाकल्या आणि ओट्यावर येणेही सोडले. नाना त्यांच्या दाराशी जाऊन म्हणाले, "जो तुमच्या दुकानाक हात लावीत, तेका आधी माका ओलांडूचा लागात." तरी जमनाभाईंनी फळ्या काढल्या नाहीत.

एका संध्याकाळी ते आपण होऊन आले आणि माझ्या कानाशी लागले. "मास्तर, एक विचारू? काल स्वप्नात बा आली."

बा म्हणजे त्यांची आई. ती वारून बरीच वर्षे झाली होती.

"बरे झाले की. मग?"

"मराठीत बोलली, मास्तर! जिवंत होती तवर एक अक्षर तिला येत नव्हतं. असं होते काय?"

मी म्हणालो, "होते. स्वप्नातले माणूस आपल्याच मनाच्या भाषेत बोलते. काय म्हणाली?"

जमनाभाईंनी डोळे पुसले. "म्हणाली, जमना, फळ्या कशाला लावून बसलास? गिऱ्हाईक उभं आहे."

"मगे?" नाना ओट्यावरून गरजले. "आवशीचा आयका!"

जमनाभाईंनी आईचे ऐकले. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरचे पहिले उघडलेले दुकान त्यांचे होते. पहिले गिऱ्हाईक वहिनी.

अप्पांना मात्र एक शंका राहून गेली होती. संध्याकाळी त्यांनी ती विचारली. "काय हो जमनाभाई, मातोश्रींचे मराठी कसे होते?"

"काय सांगू अप्पासाहेब," जमनाभाई म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगलं!"

* * *

मग ती दुपार आली. साच्यावर उभे असतानाच नानांचा उजवा हात खाली पडला. सोबतच्या कामगारांनी त्यांना रुग्णालयात नेले. प्राण वाचले, ही ईश्वराची कृपा. काठीच्या आधाराने ते घरी परतले. पण हात लुळा आणि वाचा गेलेली.

डॉक्टर मला म्हणाले, "त्यांना समजतं सगळं. शब्द सापडत नाहीत."

"पुढे सापडतील?"

"सांगता येत नाही."

नानांच्या तोंडात दोनच शब्द उरले होते. कोणते, हे सांगायला नको.

वहिनी विचारत, "चाय देव?"

"झालाच पाहिजे."

"औषध घेतास?"

तोंड कडू करून, मान जोराने हलवीत, "झालाच पाहिजे!"

"खिडकी लावू काय उघडी ठेवू?"

"झालाच पाहिजे." आणि मग डाव्या हाताने कपाळ बडवून घेत.

अप्पांना पहिल्या दिवशी ते पाहवले नाही. दुसऱ्या दिवशी ते निश्चयाने आले, नानांसमोर बसले आणि म्हणाले, "नाना, वाईट वाटून घेऊ नका. आपण सगळे सरकारला हेच सांगतो आहोत. तुम्ही ओव्हरटाइम करता, एवढंच!"

नाना हसले. आजारानंतर प्रथमच हसले. वहिनी मात्र आत वळल्या.

त्या संध्याकाळी देवळात त्यांनी मला गाठले. "मास्तरांनू, तुम्ही बोलण्याचा शिकलेले. माका खरा सांगा. माका त्यांचा भाषण नको. 'अगो' म्हणान एक हाक मारूदेत. तितक्या जमात मां?"

मला ठाऊक असते तर सांगितले असते. मी म्हणालो, "प्रार्थना करू."

"ती तर चालूच आसा," वहिनी म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी केसांत फूल माळणे सोडले. हाक येईल त्या दिवशी माळीन, असे दत्ताला सांगून ठेवले.

* * *

गणपती आले. चाळीच्या गणपतीपुढे नानांना खुर्ची दिली होती. आरती सुरू होताच ते काठी टेकून उभे राहिले. पहिल्या कडव्यात अप्पा माझ्या शेजारी गाता गाता थांबले आणि त्यांनी माझा दंड धरला.

नाना गात होते.

हळूहळू एकेक जण गप्प झाला. टाळ आणि तबला तेवढे चालू राहिले. नानांनी सबंध आरती म्हटली. एक शब्द चुकला नाही, एक गळला नाही. कित्येक महिन्यांनी तो आवाज चाळीने ऐकला. बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या.

वहिनी प्रसादाची वाटी घेऊन पुढे झाल्या. "अवो, खोबऱ्याचो तुकडो देव काय साखर?"

सगळे पुढे सरकले.

नानांनी तोंड उघडले. "झालाच पाहिजे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला.

वहिनींनी वाटी त्यांच्या हाती दिली आणि मूर्तीकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "तुझ्याशी बरे बोलतत रे! हयसर पण एक घर आसा म्हणान सांग त्यांका!"

ओवलेले मणी एकत्र राहतात, सुटे हरवतात. मनाचे तसे काही असावे, असे मी अप्पांना म्हणालो. अप्पांनी ते फारच मनावर घेतले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "नाना, आरती सुरू करा. मध्ये चांगलासा शब्द आला की मी हात वर करीन, तिथे थांबायचं. एकेक शब्द असा सोडवून घेऊ!"

नानांनी डावा हात उचलून देवळाकडे बोट केले आणि अप्पांकडे असे पाहिले, की अप्पांनी चप्पल घालून थेट घर गाठले. देवाची आरती अर्ध्यावर तोडायची नसते. वाचा गेली तरी नानांचा तेवढा नेम गेला नव्हता.

* * *

जमनाभाई रोज दुपारी दुकान मुलावर टाकून नानांपाशी तासभर बसत आणि गुजरातीत बोलत. भरभरून, थांबल्याशिवाय. "इतकी वर्षं नानांनी मला मराठीत बोलायला लावलं," ते म्हणत. "आता माझा टर्न!"

त्यांच्या गावच्या गोष्टी, म्हशींच्या, भांडखोर मामांच्या. नाना ऐकत आणि हसत. हसत ते नेमके हसायच्या जागी.

वहिनींनी एकदा तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "जमनाभाई, ह्यांका गुजराती कदीपासून कळता?"

"पहिल्यापासून कळते, वहिनी!" जमनाभाई म्हणाले. "फक्त कबूल करत नव्हते!"

नाना खुर्चीत ताठ बसले. "झालाच पाहिजे!" ते ओरडले. तो नकार होता की कबुली, यावर आमचा ओट्यावर आठवडाभर वाद चालला.

* * *

आणि महाराष्ट्र झाला. मुंबईसह झाला. चाळीच्या कठड्यांवर पणत्या लागल्या. अप्पा कचेरीतून आले ते टोपी हातात घेऊन, जवळजवळ धावत. नानांच्या दारात उभे राहून त्यांना धाप आवरेना.

"नाना! झाला!"

नानांनी त्यांच्याकडे पाहिले. मग अगदी हळू, एखाद्याची समजूत घालावी तसे म्हणाले, "झालाच पाहिजे."

आम्ही इतके हसलो की हसता हसता कोण रडू लागले ते कळले नाही.

चाळीने सत्यनारायण घालायचे ठरवले. पूजेला जोडपे कोणते, हे कोणी विचारलेच नाही. नाना आणि वहिनी पाटावर बसले. आचमनाच्या वेळी नानांनी डावा हात पुढे केला. भटजी म्हणाले, "उजवा." वहिनींनी नानांचा लुळा उजवा हात आपल्या तळव्यावर घेतला आणि पुढे धरला. भटजींनी मान हलवली आणि पळीतले पाणी सोडले. त्या दिवशी देवाला मागण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. दिले त्याबद्दल मी फक्त हात जोडले.

पूजा आटोपली. नाना काठी टेकीत आणि वहिनी त्यांना सावरीत आपल्या खोलीकडे निघाली, तर दारात बायकांची फळी उभी. पुढे अप्पांच्या पत्नी, आमच्या काकी; हातात हळदीकुंकवाचे तबक आणि तबकात अबोलीची वेणी.

"नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही!"

"काकीनू, नको," वहिनी म्हणाल्या. "आज नको."

"आज नको तर केव्हा? जोडप्याने पूजेला बसलात ना? घ्या नाव!"

वहिनींनी उंबऱ्याकडे पाहिले. मग खाली मान घालून म्हणाल्या,

"सत्यनारायणाच्या पूजेला केळीचे खांब,
वासुदेवरावांचं नाव घेते, दुखणं राहो लांब."

बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि रीतीप्रमाणे, सवयीने, काकींच्या तोंडून निघून गेले, "आता नानांनी!"

काकींनी लगेच जीभ चावली. टाळ्या थांबल्या. जमनाभाई जमिनीकडे पाहू लागले, अप्पांनी टोपी उगाच काढून पुन्हा घातली. नाना उंबऱ्याशी काठीवर रेलून उभे होते. त्यांचे ओठ हलले. ते दोन शब्द येणार म्हणून मी मन घट्ट केले.

नानांनी काठी भिंतीला टेकवली, डावा हात चौकटीवर ठेवला आणि हेल काढून म्हटले,

"सड्यावरली वाट, वाटेर काटो,
शेवंतीचो माझ्यात अर्धो वाटो!"

घरातला तो उखाणा, आणि वहिनींचे नाव, चाळीने आज प्रथमच ऐकले. वहिनींचा हात तबकातल्या वेणीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"अवो, गप रवा!" त्या म्हणाल्या. "सगळी बगतत!"